आठ तासांपलीकडचे आयुष्य : कामगारनेते शंकर गुहा नियोगी

भिलाई : कारखान्याच्या भोंग्याबरोबर कामगाराचा दिवस सुरू होतो आणि पाळी संपल्याच्या भोंग्याबरोबर तो संपतो, अशी कामगार चळवळीची जुनी समजूत होती. वेतन, बोनस, कामाचे तास आणि नोकरीची शाश्वती हे संघटनेचे विषय. उरलेला दिवस ज्याचा त्याचा. या समजुतीला छत्तीसगडच्या खाणपट्ट्यात छेद देणारा नेता म्हणून शंकर गुहा नियोगी यांचे नाव घेतले जाते. कामगार आठ तास राबतो, परंतु तो चोवीस तास जगतो. म्हणून संघटनेनेही चोवीस तासांचा विचार केला पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. कामगाराच्या घरात चूल वेळेवर पेटते की नाही, बाळंतिणीला उपचार मिळतात की नाही, मूल शाळेत जाते की खाणीच्या काठावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसते, हे प्रश्न त्यांनी वेतनाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे मानले.

नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ रोजी एका मध्यमवर्गीय बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. शालेय जीवनातील काही काळ त्यांनी आसनसोलच्या कोळसापट्ट्यात काढला. खाणमालकांचे बंगले आणि खाणकामगारांच्या वस्त्या यांतील अंतर तेथे त्यांनी लहान वयातच पाहिले. पुढे जलपाईगुडी येथे शिकत असताना ते विद्यार्थी चळवळीकडे ओढले गेले आणि साठच्या दशकाच्या प्रारंभी रोजगाराच्या शोधात भिलाईला आले.

त्या वेळी भिलाई हे नव्या भारताच्या आकांक्षांचे शहर होते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता आणि मुंबई–हावडा लोहमार्गाने तो विदर्भाशी जोडलेला होता. देशाच्या सर्व भागांतून माणसे या नव्या शहरात येत होती. कारखाना अहोरात्र तीन पाळ्यांत चाले. कायम कामगाराला आखीव सेक्टरमध्ये घर, मुलांना शाळा, कुटुंबाला रुग्णालय आणि आठवड्याची सुटी मिळे. कामाला जाण्याची आणि घरी परतण्याची वेळ निश्चित असल्याने त्याच्या संसारालाही एक वेळापत्रक होते.

नियोगी कारखान्यातील कोक ओव्हन विभागात कुशल कामगार म्हणून दाखल झाले. कोळसा भाजून झोतभट्टीसाठी कोक तयार करणारा हा विभाग प्रखर उष्णतेचा आणि कष्टाचा. नोकरी सांभाळून त्यांनी दुर्ग येथे महाविद्यालयीन शिक्षणही सुरू ठेवले. याच काळात ते कामगारांच्या संघटनात उतरले आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना नोकरी गमवावी लागली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत काढली. कधी शेतमजूर, कधी शेळ्यांचा विक्रेता अशा नाना रूपांत ते वावरले. धीरेश हे नाव मागे पडून शंकर हे नाव रूढ झाले ते याच भटकंतीत. छत्तीसगडी बोली, तेथील सण, शेतीचा हंगाम आणि त्याबरोबर होणारे मजुरांचे स्थलांतर यांची ओळख त्यांना पुस्तकांतून नव्हे, तर सहवासातून झाली. अखेरीस दानीटोला येथील क्वार्टझाइटच्या खाणीत ते मजूर म्हणून लागले. तेथेच खाणीत काम करणाऱ्या आशा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खाणकामगार स्त्रीच्या दिवसाचे ओझे काय असते, हे त्यांना स्वतःच्या घरातच समजले.

आणीबाणीत त्यांना अटक झाली आणि सुमारे तेरा महिने त्यांनी रायपूरच्या तुरुंगात काढले. १९७७ मध्ये सुटका झाली, तेव्हा दल्ली-राजहरा येथील कंत्राटी खाणकामगार एका नेत्याच्या शोधात होते. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवरील या डोंगरांतून भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिजाचा पुरवठा होत असे. तेव्हा दुर्ग जिल्ह्यात असलेले हे गाव आता बालोद जिल्ह्यात मोडते.

एकाच कारखान्याच्या पोलादामागे दोन प्रकारचे दिवस होते. यांत्रिक खाणींतील कायम कामगारांचा दिवस पाळीने बांधलेला होता. हातखाणींतील कंत्राटी मजुराला मात्र मोजमापावर मजुरी मिळे. पुरुषाने पहार आणि घणाने दगड फोडायचा, स्त्रीने तो टोपलीत भरून डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहायचा, अशी पती-पत्नीची जोडी कामाला लागे. जितका माल भरला जाईल तितके पैसे, त्यामुळे पहाटे सुरू झालेले काम दिवस मावळेपर्यंत चाले. इतके करून हाती पडत ते दिवसाला तीन-चार रुपये. ट्रक आला नाही किंवा पाऊस लागला, तर तेही नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९५२ च्या खाण कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, साप्ताहिक सुटी सक्तीची केली होती आणि स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी ६ ते सायंकाळी ७ या दरम्यान बांधली होती. खाणीत पाळणाघर असावे, असेही नियम होते. मात्र मजुरी तासांवर नव्हे तर टोपल्यांवर ठरत असल्याने तासांची मर्यादा कागदावर राहिली. आई आणि वडील दोघेही एकाच खाणीत, एकाच वेळी राबत असताना मुलांकडे पाहणारे घरात कोणी उरत नसे. थोरले मूल धाकट्याला सांभाळे आणि शाळेला मुके. कंत्राटी पद्धतीचा खरा हिशेब ठेकेदाराच्या वहीत नव्हे, तर अशा घरांमध्ये मांडला जात होता.

ठिणगी पडली ती बोनसच्या प्रश्नावरून. जुन्या संघटनांनी केलेल्या करारात कायम कामगारांना ३०८ रुपये आणि कंत्राटी कामगारांना केवळ ७० रुपये ठरले होते. संतप्त मजूर त्या संघटनांतून बाहेर पडले आणि मार्च १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. नियोगी त्याचे मार्गदर्शक झाले. नव्या संघटनेने पुढे केलेल्या मागण्यांतच तिचे वेगळेपण दिसते. काम उपलब्ध नसेल त्या दिवसांची भरपाई मिळावी आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी १०० रुपये मिळावेत, या दोन मागण्या त्यांत प्रमुख होत्या. पहिली मागणी कुटुंबाच्या उत्पन्नाची होती आणि दुसरी कुटुंबाच्या छपराची. बांबू-बल्लीचा खर्च हा मालकाशी वाटाघाटीचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

मागण्या मान्य होऊनही पैसे हाती येईनात, तेव्हा आंदोलन तीव्र झाले. २ जून १९७७ च्या रात्री पोलिसांनी नियोगी यांना अटक केली. त्यांच्या सुटकेसाठी कामगारांनी पोलिसांना घेराव घातला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये अनुसूयाबाई ही खाणकामगार स्त्री होती आणि सुदामा हा कोवळ्या वयाचा मुलगाही होता. एवढी मोठी किंमत मोजल्यानंतर कामगारांच्या मागण्या पदरात पडल्या.

पुढील काही वर्षांत मजुरी अनेक पटींनी वाढली. परंतु वाढलेल्या मजुरीबरोबर दारूची विक्रीही वाढली. कष्टाने मिळवलेला पैसा घरी पोहोचण्याआधीच गुत्त्यावर जाऊ लागला आणि संध्याकाळचे तास घरातील स्त्रिया-मुलांसाठी भयाचे झाले. वेतनवाढ हेच अंतिम यश मानणाऱ्या संघटनेने येथे हात झटकले असते. नियोगी यांनी मात्र हा संघटनेचाच प्रश्न मानला. त्यांनी दारूबंदीला नैतिक उपदेशाचे रूप दिले नाही. संघर्षातून मिळालेली मजुरी पुन्हा दुसऱ्या वाटेने लुटली जाते, या हिशेबाने त्यांनी तो विषय कामगारांपुढे मांडला.

या मोहिमेचे बळ होत्या स्त्रिया. त्या घरोघरी फिरल्या, गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. पिणाऱ्याला संघटनेच्या पंचांपुढे उभे करून दंड करण्याची पद्धत पडली. हजारो कामगारांनी दारू सोडली. पुरुषाची संध्याकाळ घराला परत मिळाली आणि मजुरी थेट धान्यावर, कपड्यावर व मुलांच्या पाटी-पुस्तकांवर खर्च होऊ लागली. दारूच्या व्यवहारात गुंतलेले हितसंबंध दुखावले गेले आणि नियोगी यांचे शत्रूही वाढले. १९८१ मध्ये त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले; पण चळवळ थांबली नाही.

याच सुमारास संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात वेळेवर योग्य उपचार न मिळाल्याने मृत्यू झाला. डोक्यावर खनिज वाहणाऱ्या हजारो स्त्रियांची नेता प्रसूतीच्या वेळी असहाय ठरावी, ही गोष्ट कामगारांच्या जिव्हारी लागली. आपले प्रसूतिगृह आपणच उभारायचे, असा निर्धार झाला. डॉ. विनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना यांच्यासारखे तरुण डॉक्टर पुढे आले. २६ जानेवारी १९८२ रोजी दवाखाना सुरू झाला आणि गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, शहीद रुग्णालयाचे दार उघडले. उद्घाटन मंत्र्याच्या नव्हे, तर ज्येष्ठ खाणकामगार आणि शेतकरी यांच्या हस्ते झाले. कामगारांची वर्गणी आणि श्रमदान यांतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात कामगारांच्याच घरांतील माणसे आरोग्यसेवक म्हणून प्रशिक्षित झाली. दल्ली-राजहरा येथे ते आजही कार्यरत आहे.

संघर्ष आणि निर्माण ही दोन चाके एकाच गाडीची आहेत, अशी नियोगी यांची धारणा होती. शिक्षण, आरोग्य, बचत, घरबांधणी, क्रीडा, ग्रंथालय, संस्कृती आणि महिला असे डझनाहून अधिक विभाग संघटनेत निर्माण झाले. कामगारांच्या मुलांसाठी शाळा उभ्या राहिल्या. खाणीत राबून वाढलेल्या एका पिढीने आपल्या मुलांना प्रथमच पाटी दिली. १८५७ च्या काळात ब्रिटिशांनी फाशी दिलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांची विस्मृतीत गेलेली स्मृती नियोगी यांनीच जनमानसात पुन्हा जागवली. छत्तीसगड मुक्ती मोर्चाच्या लाल-हिरव्या झेंड्याखाली कामगार आणि शेतकरी एकत्र आले.

यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका विशेष विचारपूर्वक होती. बैलाडिलाच्या खाणींत यंत्रे आली, तेव्हा हातखाणींतील हजारो मजूर बेकार झाले आणि एप्रिल १९७८ मध्ये किरंदुल येथे गोळीबारही झाला. यंत्र येते तेव्हा प्रथम स्त्रियांच्या हातचे काम जाते, कारण टोपली वाहणे हेच काम यंत्र आधी हिरावते, हे नियोगी यांनी ओळखले. त्यांनी यंत्राला सरसकट विरोध केला नाही. जेथे श्रम जीवघेणे आहेत तेथे यंत्र आणि जेथे माणसांना रोजगार देता येतो तेथे माणसे, अशी अर्ध-यांत्रिकीकरणाची सविस्तर योजना संघटनेने मांडली. परिणामी दल्लीतील पूर्ण यांत्रिकीकरण काही वर्षे थोपवले गेले आणि हजारो कुटुंबांची चूल चालू राहिली. काम कमी व्हावे, परंतु काम जाऊ नये, हा तोल त्यांनी साधू पाहिला.

स्वतः नियोगी यांच्या वाट्याला मात्र असा तोल आला नाही. दोन मुली आणि एक मुलगा असा त्यांचा संसार दल्ली-राजहरा येथील कामगार वस्तीत, मातीच्या साध्या घरात होता. अटका, तुरुंगवास, बैठका आणि गावोगावचे दौरे यांत त्यांचे दिवस जात. १९८४ मध्ये राजनांदगावच्या कापड गिरणीतील कामगारांच्या लढ्याची जबाबदारी त्यांनी घेतली, तेथेही गोळीबार झाला. घराचा भार आशा यांनी वाहिला. इतरांच्या मुलांना आई-वडिलांचे दोन तास मिळावेत म्हणून झटणाऱ्या या नेत्याच्या मुलांना वडील क्वचितच मिळत. सार्वजनिक जीवनातील अनेक मोठ्या माणसांच्या चरित्रात ही उणीव आढळते. नियोगी यांच्या चरित्रात ती अधिक बोचते, कारण तिचे मोल त्यांना इतरांपेक्षा चांगले ठाऊक होते.

१९९० मध्ये नियोगी पुन्हा भिलाईत आले. ज्या शहरात त्यांनी कामगार म्हणून उमेदवारी केली, तेथेच त्यांचा अखेरचा लढा झाला. पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या खासगी उद्योगांत हजारो मजूर वर्षानुवर्षे कंत्राटी राहून राबत होते. सेक्टरमधील कायम कामगाराच्या घरापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या या मजुराला ना नेमणूकपत्र, ना भविष्य निर्वाह निधी, ना कामगार विमा, ना हक्काची रजा. त्यांच्या मागण्यांत कायद्यापलीकडचे फारसे काही नव्हते. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि कायद्याने दिलेल्या सवलती एवढेच ते मागत होते. तरीही संघटनेत सामील झालेल्या हजारो कामगारांना कामावरून काढण्यात आले. कामगारांवर हल्ले झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांच्या आधारे नियोगी यांना अटक झाली आणि एप्रिलमध्ये ते सुटले.

आपल्या जिवाला धोका असल्याची जाणीव त्यांना होती. आपल्या दैनंदिनीत आणि एका ध्वनिफितीत त्यांनी ती नोंदवून ठेवली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन ते दिल्लीस गेले आणि राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांना हजारो सह्यांचे निवेदन सादर केले. परतल्यानंतर काही दिवसांतच, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाईतील हुडको वसाहतीतील घरात झोपलेले असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते. लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळलेला त्यांचा देह दल्ली-राजहरा येथे नेण्यात आला आणि अंत्ययात्रेला अलोट जनसागर लोटला.

लढा त्यांच्या मागे चालू राहिला. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक जणांनी प्राण गमावले. हत्येच्या खटल्यात १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने उद्योजकांसह काही आरोपींना दोषी ठरवले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष मुक्त केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या एकाच आरोपीला दोषी ठरवून जन्मठेप दिली.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १८९० मध्ये. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची धुरा सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४८ तासांच्या आठवड्याचा पाठपुरावा केला आणि १९४६ मध्ये कारखान्यांसाठी तो कायदा झाला. लोखंडे यांनी कामगाराला आठवड्यातील एक दिवस मिळवून दिला, आंबेडकरांनी दिवसातील काही तास. त्या मिळालेल्या वेळात घर खरोखर उभे राहते का, हा प्रश्न नियोगी यांनी विचारला. तिघांची वाट एकाच दिशेची होती.

आज प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तरतूद बंधनकारक केली आहे. तथापि, मजुरी तासांवर न ठरता उक्त्या कामावर ठरणाऱ्या, नेमणूकपत्र नसलेल्या आई-वडिलांपर्यंत हे हक्क सहजी पोहोचत नाहीत. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, बांधकामाच्या परातीपाशी आजही पती-पत्नीची जोडी राबते आणि सावलीला झोळीत मूल झोपलेले असते. दल्ली-राजहराच्या खाणीत नियोगी यांना दिसलेला दिवस तो हाच. तो दिवस आठ तासांत मावावा आणि उरलेले सोळा तास माणसासारखे जगता यावेत, एवढ्यासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.